गुण्या उलटून पाहा

४ फेब्रुवारी

मामा, नमस्कार.

फोनवर तुम्हाला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुम्ही मनाने रचता, म्हणून पत्र लिहितेय. शिवाय हे उभ्या उभ्या ऐकण्यासारखं नाही. आधी बसून घ्या.

मी शोरूम सोडलं. नऊ वर्षं त्या फर्निचरच्या दुकानात तक्रारीच्या काउंटरवर काढली. डुगडुगणाऱ्या टेबलांच्या तक्रारी लिहून घ्यायच्या आणि "माणूस पाठवतो" म्हणायचं. माणूस कधी जायचा, कधी जायचा नाही. गेल्या महिन्यात एक म्हाताऱ्या बाई तिसऱ्यांदा आल्या. म्हणाल्या, "पोरी, लिहून तर छान घेतेस. एक खिळा ठोकता येत नाही का तुला?" मला येतो हो. बाकीची भावंडं सुट्टीत गच्चीवर हुंदडायची तेव्हा तुम्ही मला शाळेच्या सुतारखोलीत तेच तर शिकवलंत.

मालकांना सांगितलं, दुरुस्तीचं स्वतःचं दुकान काढते. ते म्हणाले, "काढ की. हत्यारं कुठली आणणार, खेळण्यातली?" आणि चहा पीत राहिले. मला चहा विचारला नाही.

लाँड्रीच्या मागची खोली घेतली आहे. एक खिडकी, एक नळ. पलीकडे दिवसभर इस्त्री चालते, त्यामुळे एक भिंत कायम कोमट असते. पहिलं कामही मिळालं आहे. सार्वजनिक वाचनालयात एकशे चाळीस लाकडी खुर्च्या आहेत, सगळ्या कुरकुरणाऱ्या. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, सहा घेऊन जा, नीट करून आणा. वीस मार्चला समितीची बैठक आहे. त्यांना पसंत पडल्या तर उरलेल्याही तुमच्याच. त्या समितीवर आमचे मालकही आहेत, हे सांगायचं राहिलं. पसंत नाही पडल्या तर खोली सोडायची आणि पुन्हा तोच काउंटर. मला घेतीलही ते, रोज चिडवायला कुणीतरी हवंच ना.

आता कामाचं. हत्यारं घ्यायची आहेत आणि पैसे अगदी बेताचे. नामांकित कंपनीचा एक चांगला रंधा घेतला की संपले. स्वस्तातली पण दगा न देणारी हत्यारं कोणती, कशी ओळखायची? बाजारात एकशे आठ नगांची पेटी मिळते, सुटकेससारखी. उघडली की डोळे दिपतात. घेऊ का?

तुमची,
पाचर

—

९ फेब्रुवारी

चि. पाचरीला मामाचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र खिडकीत बसून तीनदा वाचलं. त्या तक्रारवाल्या बाईंना माझा नमस्कार सांग. तीस वर्षं शाळेत सुतारकाम शिकवून मला जे जमलं नाही, ते त्यांनी एका वाक्यात केलं.

मी तुला पाचर म्हणायला लागलो तेव्हा तुझी आई माझ्यावर रुसली होती. पोरीला नावं ठेवतो म्हणाली. पाचर केवढीशी असते, आणि ती निघाली की कुऱ्हाडीचं पातं कुठे जाऊन पडतं, हे माझ्या बहिणीला कोण सांगणार?

ती पेटी घेऊ नकोस. एकशे आठांतली शंभर तू कधी हातात घेणार नाहीस आणि उरलेली आठ तुझ्या हातात टिकणार नाहीत. आठच घे, पण एकेक निवडून. करवत, हातोडा, खाचा कोरायला एक रुंद आणि एक अरुंद पटाशी, रंधा, पेचकस, काटकोन तपासायचा गुण्या आणि सांधा दाबून धरायला एक शिकंजा. बाकीच्या शिकंज्यांचं काम दोरी आणि तिला पीळ द्यायला एक काठी करेल.

दुकानात लाजू नकोस. गुण्या सरळ कडेला लावून रेघ मार, मग तो उलटा करून त्याच जागी दुसरी रेघ मार. दोन्ही मिळून एकच रेघ दिसली तर घे. दोन दिसल्या तर ठेवून दे, मग तो चांदीचा का असेना. रंधा काचेवर ठेव आणि खालून कागद सरकतो का पाहा, सरकला तर तळ वाकडा. हातोड्याच्या दांड्यातले रेषे लांबीला धरून असावेत, आडवे असले तर दांडा एक दिवस तुझ्या कपाळावर येईल. पटाशी आणि करवतीला मात्र कसलीच परीक्षा नको. त्या दोन्ही "जोड-पाखरू" छापाच्या घे. पात्यावर दोन पाखरं चोचीला चोच लावून बसलेली असतात. माझ्या पहिल्या पगाराची पटाशी तीच. त्या पाखरांनी मला कधी फसवलं नाही.

आणि करवत चालवताना वृत्त विसरू नकोस. आठवतं ना? सुतारखोलीला उंच खिडक्या होत्या आणि दुपारच्या उन्हात भुसा तरंगायचा. चाळीस मुलांच्या चाळीस करवती भुजंगप्रयातात चालायच्या. लगागा, लगागा, लगागा, लगागा. मागे घेताना हलका "ल", पुढे रेटताना लांबलचक "गागा". शेजारच्या वर्गावरचे गणिताचे गुरुजी भिंतीवर छडी आपटायचे. मी म्हणायचो, गुरुजी, इथे कविता चालू आहे, जरा हळू. रंध्याला मी मंदाक्रांता लावायचो. सुरुवातीला चार गुरू हवेत, संथ, वजनदार, मग ढलपी आपोआप सोनेरी वळण घेऊन बाहेर पडते. करवत खरी असेल तर वृत्त मोडत नाही. हत्याराची खरी परीक्षा तीच.

माझी पेटी तुला दिली असती, पण ती मला लागते. दर रविवारी काढतो, एकेक हत्यार पुसतो, तेल देतो. अजून आरशासारखी आहेत.

तुझा,
मामा

—

१९ फेब्रुवारी

मामा, नमस्कार.

यादीतलं सगळं आणलं. गुण्या तुम्ही सांगितल्यासारखा तपासला. पहिले दोन नापास, तिसरा पास. दुकानदार वैतागून म्हणाला, "ताई, हे दुकान आहे, प्रयोगशाळा नाही." मी म्हटलं, "बरं झालं, प्रयोगशाळेत काही विकत मिळत नाही." रंधा त्याच्याच काचेच्या कपाटावर ठेवून कागद घातला. तेव्हा तो आतून मोठ्या भावाला बोलावून घेऊन आला, बघायला.

तुमची पाखरं मात्र चार दुकानं फिरून सापडली. चकचकीत, पिवळा दांडा, वर प्लॅस्टिकचं वेष्टण. किंमत बाकीच्यांच्या दुप्पट. तुम्ही परीक्षा नको म्हणाला होतात, म्हणून केली नाही.

पहिल्या खुर्चीच्या मागच्या पायाची खाच साफ करायला घेतली. दहा-बारा ठोके बसले असतील नसतील, वहीच्या पानाचा कोपरा दुमडतो तशी पटाशीची धार दुमडली. मी दगडावर लावली. पुन्हा दुमडली. तिसऱ्यांदा ती घसरली आणि खाचेची एक बाजूच उचकटून आली. वाचनालयाची खुर्ची, मामा. तिच्यावर कोण कोण बसून काय काय वाचून गेलं असेल.

करवतीचंही सांगते. लगागा, लगागा, आणि तिसऱ्या लगागाला अडकते. दर वेळी तिसऱ्यालाच. रेघही डावीकडे पळते.

सहातली एक खुर्ची मी आणली त्याहून वाईट करून ठेवली आहे. काय करू सांगा.

पाचर

—

२३ फेब्रुवारी

चि. पाचरीला आशीर्वाद.

जोड-पाखरूची धार दुमडत नाही. मी ती चाळीस वर्षं वापरली आहे. तू ठोकतेस जोरात, हे मला तुझ्या लहानपणापासून माहीत आहे. शोरूममधल्या नऊ वर्षांत हात जड झाला असेल, लिहून लिहून. पटाशीला ठोकायचं नसतं, समजावायचं असतं.

आणि करवत तिसऱ्या गणाला अडकत असेल तर तुझा श्वास अडकतोय. सुतारखोलीत दम धरायला शिकवलं होतं ते विसरलीस.

घाई करू नकोस. पाखरांवर विश्वास ठेव.

मामा

—

१ मार्च

मामा,

सोबत एक पुडकं आहे. त्यात तुमची पाखरं आहेत. धारेचं टोक कागदात गुंडाळलं आहे, तरी जपून उघडा. ते वळलेलं टोक बघा आणि मग माझ्या हाताबद्दल लिहा.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी रडले नाही. चिडले. चपला घातल्या आणि बाजारात गेले, पण दुकानात नाही. बाजाराच्या मागच्या पायऱ्यांवर एक बाई बसते, पायाने चाक फिरवून सुऱ्या-कात्र्यांना धार लावून देते. सगळे तिला धारवाली म्हणतात. तिच्यापुढे पटाशी ठेवली. तिने नुसती पाहिली आणि विचारलं, "कुणी घ्यायला लावली?"

"मामांनी."

"मामांचं वय?"

"अठ्ठ्याहत्तर."

"मग त्यांची चूक नाही," ती म्हणाली. "त्यांच्या वेळचं पोलाद त्यांच्याबरोबर म्हातारं झालं. छाप तेवढा तरुण राहिला."

तिने कानस घेतली आणि धारेजवळच्या कोपऱ्यावर घासली. साबणात रुतावी तशी कानस आत रुतली. "हे पोलाद नाही, पोलादाचा फोटो आहे," म्हणाली. मग पोत्यातून दुसरी पटाशी काढली. ट्रकची मोडकी स्प्रिंग तापवून तिच्या भावाने घडवलेली. काळी, ओबडधोबड, दांडासुद्धा नाही. तिच्यावर कानस चालवली तर ती काचेवरून नख घसरावं तशी नुसती घसरत गेली. "चांगलं पोलाद कानशीला धरू देत नाही. एवढं बघत जा, आणि छाप बघायला जाऊ नको."

पाखरांच्या एका पटाशीच्या किमतीत तिच्या तीन आल्या. दांडे मी त्याच बिघडलेल्या खुर्चीच्या मोडक्या पट्टीचे केले.

करवतीचे दाते तिने डोळ्याजवळ धरून पाहिले. सगळे एकाच अंगाला कललेले. पक्कडीने एकाआड एक दाता डावी-उजवीकडे वाकवून दिला, अर्धा तास लागला. त्याचे पैसे घेतले नाहीत. म्हणाली, करवत वाईट नाही, तिला कुणी घडी घालून दिली नव्हती एवढंच. आता ती वृत्तात चालते, मामा. चारही लगागा. श्वास माझा तेव्हाही ठीकच होता.

आता दुसरी कटकट. समितीने नवीन अट घातली आहे. बैठकीला फक्त खुर्च्या नाहीत, हत्यारंही आणून दाखवायची. "दुरुस्ती नामांकित कंपनीच्या हत्यारांनीच झाली पाहिजे." अक्षर ग्रंथपाल बाईंचं आहे, पण वाक्य मालकांचं. नऊ वर्षं त्यांची वाक्यं लिहून घेतली आहेत मी, ओळखते.

पाचर

—

५ मार्च

चि. पाचरीला,

पुडकं मिळालं. टोक पाहिलं.

जास्त काही लिहीत नाही. तुझा हात खरा होता. माझी पाखरं खोटी निघाली, आणि मी तुझ्यापेक्षा त्यांच्यावर जास्त विश्वास ठेवला. तुझी आई असती तर तिने माझा कान धरला असता, आणि मी धरू दिला असता.

समितीचं मनावर घेऊ नकोस. माझी पेटी घे. तिच्यातल्या प्रत्येक हत्यारावर असा शिक्का आहे की तुझ्या मालकांच्या तोंडातून शब्द फुटणार नाही. उद्याच माळ्यावरून काढतो आणि पार्सल करतो. वीस तारखेच्या आत पोचेल.

मामा

—

१० मार्च

मामा, नमस्कार.

नको.

रागावू नका, पूर्ण वाचा. पेटी तुमची आहे, तिला मी लहानपणी न विचारता हात लावला म्हणून धपाटा खाल्लाय. पण ती घेऊन मी बैठकीला गेले आणि काम मिळालं, तर ते पेटीला मिळालं असं होईल. मालक म्हणतील, बघा, शेवटी कंपनीचीच हत्यारं लागली. आणि ते खरं असेल.

पाच खुर्च्या झाल्या आहेत. धारवालीच्या पटाश्या, तिसरा पास झालेला गुण्या, घडी घातलेली करवत. मी तेच घेऊन जाणार. हवं तर हसू देत.

तुम्ही तुमची पेटी रविवारी पुसता, पुसत राहा. ती तिथे आहे हे माहीत असलं तरी मला बरं वाटतं.

पाचर

—

१५ मार्च

चि. पाचरीला,

तुझं "नको" वाचलं तेव्हा मला आधी हायसं वाटलं आणि मग फार लाज वाटली. का ते सांगतो.

पेटी नाही.

तुला लिहिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी स्टूल मांडून माळ्यावर पाहिलं. तिथे सूनबाईची जुनी सुटकेस होती आणि पंख्याचं खोकं. चिरंजिवांना विचारलं. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "बाबा, दोन वर्षं झाली. भंगारवाल्याला दिली. तुमचे हात कापायला लागले होते, कुठे कापून घेतलं असतंत तर? तुम्ही कधी काढतही नव्हता, म्हणून सांगितलं नाही."

खोटं नाही बोलला तो. मी काढत नव्हतो. दर रविवारी तेल देतो असं तुला लिहिलं ते धादांत खोटं. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी पटाशी हातात धरली आणि ती माझ्या हातात थरथरली, पाखराचं पिल्लू धरल्यासारखी. मी ती पेटीत ठेवली, झाकण लावलं आणि पुन्हा उघडलं नाही. पण मनात मी रोज उघडत होतो. मनात सगळी हत्यारं आरशासारखी होती. तीच तुला पार्सल करणार होतो.

दोन दिवस मी घरात सगळ्यांवर रुसून होतो. सूनबाईने जेवायला बोलावलं तर म्हटलं, भूक भंगारात दिली. मग तिसऱ्या दिवशी तुझी सगळी पत्रं पुन्हा वाचली. आणि माझ्या लक्षात आलं की या पोरीने मला विचारलं होतं एकच, स्वस्तातलं खरं हत्यार कसं ओळखायचं. मी तिला उत्तर दिलं आणि शेजारी माझी पाखरं बसवली. गुण्या उलटा करून बघ म्हणालो, आणि स्वतः माझ्या आठवणी एकदाही उलट्या करून बघितल्या नाहीत.

वीस तारखेला मान वर करून जा. ते हसले तर हसू देत, पण त्यांच्याआधी तू खाली बघू नकोस.

आणि एक विनंती. आता यादी तू मला कर. आठ नकोत, एवढे पैसे पेन्शनीत बसणार नाहीत आणि एवढा जोर हातात. एकच सांग. हात कापणाऱ्या, नव्याने सुरू करणाऱ्या म्हाताऱ्याने पहिलं हत्यार कोणतं घ्यावं?

मामा

—

२२ मार्च

मामा, नमस्कार.

तुमचं पत्र बैठकीच्या आदल्या दिवशी आलं. ते घडी घालून एप्रनच्या खिशात ठेवलं आणि तशीच गेले.

वाचनालयाच्या मोठ्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून सगळी हत्यारं मांडली. समितीचे पाच जण, पलीकडे ग्रंथपाल बाई, आणि वाचक मान वर करून बघत होते. मालकांनी काळी पटाशी दोन बोटांत उचलली, मेलेला उंदीर उचलावा तशी. "करवतीवरची पाखरं सोडली तर यातल्या एकावरही कंपनीचं नाव नाही," म्हणाले.

मी म्हटलं, "नाव नाही. परीक्षा आहे. तुमच्या गाडीत तुमच्या मिस्त्रींचा गुण्या असेल ना? आणा."

आणला. मखमलीच्या म्यानात. बैठकीच्या विषयपत्रिकेच्या मागे आधी माझ्या गुण्याने रेघ मारली, उलटा केला, दुसरी मारली. एकच रेघ. मग त्यांच्या गुण्याने. खाली दोन्ही रेघा एकत्र निघाल्या आणि वर जाता जाता फाकत गेल्या. टोकाला मधून सुतळी गेली असती.

मालक बराच वेळ वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "कागद वाकडा असेल."

सगळं वाचनालय हसलं. तिथे मोठ्याने हसायला बंदी आहे.

पुढे खुर्च्या. ग्रंथपाल बाईंनी दारावरच्या पहारेकऱ्याला बोलावलं, तो चांगला वजनदार आहे. तो बसायच्या आधी मी सांगितलं, "ही पहिली खुर्ची मोजू नका. ही माझ्याच हातून बिघडली आहे. हिचा पाय मी नवीन घालून देईन, माझ्या खर्चाने, पण आज ती नापास." मालक म्हणाले, "बघा, स्वतःच कबूल करते." अध्यक्ष म्हाताऱ्या आहेत, निवृत्त नर्स. त्या म्हणाल्या, "तेच बघतेय मी. तुमच्या दुकानाने माझ्या टेबलाचं कधी कबूल केलं नाही."

मामा, मी नीट पाहिलं तेव्हा ओळखलं. खिळ्यावरून मला बोलणाऱ्या बाई त्याच.

उरलेल्या पाचही खुर्च्यांवर पहारेकरी बसला, मागे रेलला, डावी-उजवीकडे हलला. एकही कुरकुरली नाही. तो पाचव्या खुर्चीवरून उठेचना. म्हणाला, इथेच ड्यूटी द्या.

काम मंजूर झालं, चार विरुद्ध एक. पण मालकांनी जाता जाता कागदात एक ओळ घालायला लावली, की सहा महिन्यांत हत्यारं नामांकित कंपनीची घ्यावीत. बाकीचे म्हणाले, असू दे हो, एक ओळच आहे, सही करा. मला ती खोली दिसत होती, कोमट भिंत, आणि तो काउंटरही. हात पेनापर्यंत गेला होता. मग तुमचं पत्र खिशात कुरकुरलं.

मी हत्यारं गोळा करायला लागले. एकेक, वर्तमानपत्रात. म्हटलं, "ही ओळ राहिली तर मी नाही. खुर्च्या पास झाल्या त्या या हत्यारांनी. ती खोटी असतील तर खुर्च्याही खोट्या, मग पहारेकऱ्यांना उठवा." करवतही गुंडाळून झाली. दारापर्यंत गेले.

"थांबा," अध्यक्ष बाई म्हणाल्या. ग्रंथपाल बाईंचं पेन घेतलं आणि ती ओळ खोडली. कशाने खोडली माहीत आहे? माझा गुण्या लावून. म्हणाल्या, खोडायचं तर सरळ खोडावं.

एकशे चौतीस खुर्च्या, मामा.

आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर. पहिलं हत्यार गुण्या घ्या. छाप बघू नका. दुकानात लाजू नका. काय करायचं ते तुम्हाला माहीत आहे.

तुमची,
पाचर

—

२ एप्रिल

चि. पाचरीला मामाचे आशीर्वाद, या वेळी उभ्याने लिहिलेले.

सहा वर्षांत मी एकट्याने रस्ता ओलांडला नव्हता. परवा ओलांडला. सूनबाई जिन्यापर्यंत आली, "बाबा, कुठे?" म्हटलं, लगागा करायला. ती घाबरून चिरंजिवांना फोन करायला गेली तोवर मी कोपऱ्यावर पोचलो होतो.

हार्डवेअरच्या दुकानात गर्दी होती. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "आजोबा, काय हवं?" म्हटलं, गुण्या हवाय, सगळ्यात स्वस्त. त्याने दिला. मी म्हटलं, कागद-पेन्सिलही दे. मग मागचे लोक चुळबुळत असताना मी काउंटरच्या कडेला गुण्या लावला. हात असा कापत होता की पेन्सिलीचं टोक कागदावर टकटक वाजत होतं. कुणीतरी म्हणालं, आजोबा, मी मारू का रेघ? मी म्हटलं, नको.

चार गुण्ये परत केले. पाचवा घेतला.

घरी आलो तर चिरंजीव ऑफिसातून धावत आले होते. हातातला गुण्या त्यांनी पाहिला. मग म्हणाले, "बाबा, हे ठेवणार कुठे?" बाल्कनीत त्यांची व्यायामाची सायकल आहे, तिच्यावर टॉवेल वाळतात. मी बोट दाखवलं. त्यांनी टॉवेल उतरवले, सायकल आत ओढून नेली आणि जुनं टेबल आणून तिथे ठेवलं. एक पाय डुगडुगतो त्याचा. राहू दे म्हटलं, ते पहिलं काम.

दुकानातला तो कागद सोबत पाठवतो. नीट बघ. वरची रेघ मी गुण्याशिवाय मारली आहे, तपासायला नाही, अशीच. ती साप गेल्यासारखी गेली आहे. तिच्याखाली गुण्या लावून मारलेली रेघ आहे, आणि गुण्या उलटा करून पुन्हा मारलेली. तुला दोन दिसतात का?

मला एकच दिसते. हात तोच, पेन्सिल तीच, आणि रेघ सरळ आली आहे.

पुढच्या महिन्याच्या पेन्शनीत करवत बसते. दाते मी स्वतः बघून घेईन. कानस मात्र तुझ्या धारवालीकडून पाठव.

तुझा,
मामा